प्राध्यापकाचं मत आणि तुमच्या कर्जाचा हप्ता

दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर कॅमेऱ्यासमोर येतात आणि रेपो दर वाढला, घटला की जैसे थे राहिला ते सांगतात. टीव्हीवर लगेच गृहकर्जाच्या हप्त्याची गणितं सुरू होतात. या गडबडीत बातमीच्या तळाशी असलेली एक छोटी ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ‘निर्णय चार विरुद्ध दोन मतांनी झाला.’ हे दोघं कोण? देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या बैठकीत बसून गव्हर्नरांच्या विरोधात मत देण्याचा अधिकार त्यांना कुणी दिला?

बऱ्याचदा हे दोघं प्राध्यापक असतात. आयुष्यभर विद्यापीठात शिकवलेले, शोधनिबंध लिहिलेले, आणि चार वर्षांसाठी देशाचा व्याजदर ठरवणाऱ्या सहा जणांत सामील झालेले. हे प्राध्यापक तिथे कसे पोहोचतात, काय करतात आणि त्यांचं तिथे असणं आपल्या कामाचं का आहे, ते समजून घेऊ.

रेपो दर, अगदी थोडक्यात

बँकांना पैसे कमी पडले की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून थोड्या मुदतीसाठी उसने घेतात. त्यावर रिझर्व्ह बँक जे व्याज आकारते तो रेपो दर. ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जं बँकांना एखाद्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपोच निवडला आहे. त्यामुळे आता रेपो हलला की हप्ताही हलतो.

२५ लाखांचं, २० वर्षं मुदतीचं कर्ज घ्या. ८.५० टक्के दराने महिन्याचा हप्ता साधारण २१,६९६ रुपये होतो आणि ८.२५ टक्क्यांनी साधारण २१,३०२. पाव टक्क्याने महिन्याला ३९४ रुपये वाचले. पण हाच पाव टक्का मुदत ठेवीवर कमी झाला, तर दहा लाख ठेवून बसलेल्या निवृत्त माणसाचं वर्षाला अडीच हजारांचं उत्पन्न जातं. दरकपात म्हणजे सगळ्यांसाठी गोड बातमी, असं आपल्याकडे सर्रास समजलं जातं. ते खरं नाही. या निर्णयात कुणाचं तरी घेऊन कुणाला तरी दिलं जातं, म्हणूनच तो कोण घेतं आणि कशाच्या आधारावर घेतं, हे विचारायला हवं.

समिती नव्हती तेव्हाही प्राध्यापक होते

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख प्रशासकीय सेवेतले होते. त्यांच्यानंतरही बरीच वर्षं या खुर्चीवर प्रशासकांचाच वरचष्मा राहिला. अभ्यासकांनी आपली छाप पाडली ती बहुतेक वेळा एखाद्या समितीतून.

महाराष्ट्राला जवळचं उदाहरण धनंजयराव गाडगीळांचं. पुण्याच्या गोखले संस्थेतला हा अर्थशास्त्रज्ञ रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये नेमलेल्या ग्रामीण पतपाहणी समितीत होता. अध्यक्ष होते ए. डी. गोरवाला. देशभरातल्या ७५ जिल्ह्यांतली ६०० गावं निवडून, घरोघरी जाऊन कर्जाची चौकशी झाली. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे आणि बाकीचा बहुतेक भार सावकारावर आहे, हे १९५४ च्या अहवालाने आकड्यांनिशी दाखवलं. पुढच्याच वर्षी स्टेट बँक ऑफ इंडिया उभी राहिली, त्यामागे याच अहवालाची शिफारस होती.

दुसरं नाव सुखमय चक्रवर्तींचं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या या प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९८५ मध्ये अहवाल दिला. किमती वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नयेत आणि त्यासाठी बाजारातल्या पैशाच्या वाढीवर लक्ष्य ठेवून काम व्हावं, असं त्यात म्हटलं होतं. हा चार टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

या समितीचे एक सदस्य होते चक्रवर्ती रंगराजन. अहमदाबादच्या आयआयएममध्ये दशकाहून अधिक काळ शिकवून ते १९८२ मध्ये रिझर्व्ह बँकेत डेप्युटी गव्हर्नर झाले आणि १९९२ ते १९९७ या काळात गव्हर्नर होते. त्या काळापर्यंत सरकारला पैसे कमी पडले की ‘अ‍ॅड हॉक ट्रेझरी बिलं’ काढून रिझर्व्ह बँकेकडून जवळजवळ आपोआप पैसा उचलता यायचा. थोडक्यात, तूट भरायला नवा पैसा छापला जायचा. अशी सोय असेपर्यंत महागाईवर लगाम ठेवता येत नाही, हे अर्थशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं. सप्टेंबर १९९४ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात करार झाला आणि एप्रिल १९९७ पासून ही सोय बंद झाली. वर्गातली गोष्ट कायदेशीर करारात उतरवण्याचं याहून ठसठशीत उदाहरण आपल्याकडे मला दुसरं दिसत नाही.

एका माणसाच्या सहीपासून सहा मतांपर्यंत

तरीही २०१६ पर्यंत व्याजदराचा अंतिम निर्णय एकट्या गव्हर्नरचा असे. २००५ पासून बाहेरच्या तज्ज्ञांची एक सल्लागार समिती होती, पण तिचं म्हणणं मानायलाच हवं असं बंधन नव्हतं. प्राध्यापक सल्ला देत, सही मात्र गव्हर्नरची.

शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक रघुराम राजन सप्टेंबर २०१३ मध्ये गव्हर्नर झाले तेव्हा किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या आसपास होती. डेप्युटी गव्हर्नर ऊर्जित पटेल यांच्या समितीने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला: रिझर्व्ह बँकेपुढे महागाईचं एकच ठरावीक लक्ष्य असावं आणि दर समितीने ठरवावा. त्यावरून फेब्रुवारी २०१५ मध्ये करार झाला, २०१६ मध्ये रिझर्व्ह बँक कायदा बदलला. लक्ष्य ठरलं ते चार टक्के, दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मोकळीक ठेवून. चक्रवर्तींच्या अहवालानंतर तीस वर्षांनी तोच आकडा कायद्याच्या चौकटीत आला.

या कायद्याने पतधोरण समिती जन्माला आली. तिच्यात तीन जण रिझर्व्ह बँकेचे: गव्हर्नर, पतधोरण सांभाळणारे डेप्युटी गव्हर्नर आणि बँकेचा एक अधिकारी. उरलेले तीन बाहेरचे, त्यांना केंद्र सरकार नेमतं. प्रत्येकाला एक मत. तीन-तीन अशी बरोबरी झाली तर गव्हर्नरांचं निर्णायक मत. पहिली बैठक ३ आणि ४ ऑक्टोबर २०१६ ला झाली आणि सहाही जणांनी एकमताने दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला.

खुर्चीपर्यंतचा रस्ता

बाहेरचा सदस्य व्हायला कुठलीही परीक्षा नाही, जाहिरात पाहून अर्ज भरण्याची पद्धतही नाही. कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची निवड समिती नावं सुचवते. तिच्यात अर्थ खात्याचे सचिव, रिझर्व्ह बँकेचा प्रतिनिधी आणि सरकारने नेमलेले तीन तज्ज्ञ असतात. सदस्य अर्थशास्त्र, बँकिंग, वित्त किंवा पतधोरणाचा जाणकार असावा, नेमणुकीच्या वेळी वय सत्तरच्या पुढे नसावं, तो आमदार-खासदार नसावा, सरकारी नोकर नसावा, अशा अटी आहेत. मुदत चार वर्षांची. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट: पुन्हा नेमणूक नाही.

पहिल्या तुकडीत दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले चेतन घाटे, दिल्ली स्कूलच्या पमी दुआ आणि अहमदाबाद आयआयएमचे रवींद्र ढोलकिया होते. २०२० मध्ये मुंबईत गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या आशिमा गोयल, अहमदाबाद आयआयएमचेच जयंत वर्मा आणि शशांक भिडे आले. २०२४ मध्ये दिल्ली स्कूलचे संचालक राम सिंह, विकास-अर्थशास्त्राचे अभ्यासक नागेश कुमार आणि बँकिंग क्षेत्रात मुख्य अर्थतज्ज्ञ राहिलेले सौगत भट्टाचार्य.

या लोकांच्या मतांमागे त्यांचा आधीचा अभ्यास असतो, हे ध्यानात ठेवलं की त्यांची निवेदनं वाचायला सोपी जातात. ढोलकियांनी समितीत येण्यापूर्वी ‘त्याग गुणोत्तर’ मोजण्यावर काम केलं होतं. महागाई एक टक्क्याने खाली आणायची तर देशाला किती उत्पादन गमवावं लागतं, त्याचं हे माप. ज्याने ही किंमत मोजली आहे तो दर चढे ठेवताना दहा वेळा विचार करणार. ढोलकियांनी अनेकदा बहुमतापेक्षा कमी दराच्या बाजूने मत दिलं, जून २०१७ मध्ये तर त्यांना एकदम अर्धा टक्का कपात हवी होती. वर्मा वित्तीय बाजारांचे अभ्यासक, शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या मंडळावरही काम केलेले. बाजार कुठल्या शब्दाचा काय अर्थ लावेल, याकडे त्यांचं बारीक लक्ष असे.

बैठक, मौन आणि चौदावा दिवस

कायद्याने वर्षातून किमान चार बैठका व्हायला हव्यात, प्रत्यक्षात साधारण सहा होतात. बैठक सहसा तीन दिवस चालते. सदस्यांसमोर महागाईचे आणि विकासाचे अंदाज येतात, त्याबरोबर रिझर्व्ह बँकेच्या पाहण्याही येतात. किमती पुढे किती वाढतील असं घरातल्या माणसांना वाटतं, कारखानदारांना मागणी कशी दिसते, वगैरे. कुठल्याही सदस्याला जास्तीची माहिती मागवता येते, पण ती एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते.

बैठकीच्या आधी सात दिवस आणि निर्णयानंतर सात दिवस सदस्यांनी धोरणाबद्दल जाहीर बोलायचं नसतं. वर्गात, परिषदेत, मुलाखतीत मनातलं मोकळेपणाने मांडायची सवय असलेल्या माणसाला हे मौन सोपं नाही. पण ते पाळावंच लागतं, कारण त्याच्या एका अर्धवट वाक्यावर रोख्यांच्या बाजारात खरेदी-विक्री होऊ शकते.

निर्णयाच्या दिवशीच कुणी कसं मत दिलं ते नावानिशी जाहीर होतं. चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होतं आणि त्यात प्रत्येकाचं स्वतंत्र लेखी निवेदन असतं. मी ठरावाच्या बाजूने किंवा विरोधात का मत दिलं, याची कारणं लिहिण्याची सक्ती कायद्यातच आहे. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही तरतूद सर्वांत मोलाची वाटते. बंद खोलीत मान डोलावून बाहेर ‘माझा तर विरोधच होता’ असं म्हणण्याची वाटच तिने बुजवली.

न दिसणाऱ्या आकड्यावरचा वाद

आता एक वाद जरा जवळून पाहू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ६.५० टक्के झाला. त्या बैठकीत गोयल आणि वर्मा या दोघांनी वाढीच्या विरोधात मत दिलं. नंतर दर दोन वर्षं तिथेच राहिला. फेब्रुवारी २०२४ पासून वर्मा दर बैठकीत पाव टक्का कपात मागू लागले आणि जूनपासून गोयलही त्यांच्या बाजूला आल्या. जून आणि ऑगस्ट २०२४ चे निर्णय चार विरुद्ध दोन असे झाले.

वाद कशावर होता? रेपो ६.५० टक्के आणि पुढच्या वर्षाची अपेक्षित महागाई ४.५ टक्के. पहिल्यातून दुसरी वजा केली की उरतो दोन टक्के ‘वास्तव व्याजदर’. रिझर्व्ह बँकेकडून उसने घेणाऱ्या बँकेला महागाई वगळून खरोखर भरावा लागणारा दर तो हाच. आता प्रश्न असा, की हे दोन टक्के जास्त आहेत की बरोबर? हे ठरवायला अर्थशास्त्रज्ञ ‘नैसर्गिक व्याजदर’ नावाची कल्पना वापरतात. ज्या वास्तव दराला अर्थव्यवस्था तापतही नाही आणि थंडावतही नाही, तो नैसर्गिक दर. मोठी अडचण ही, की हा दर कुठल्याही बँकेच्या फलकावर लिहिलेला नसतो. उत्पादन, महागाई, व्याज यांच्या जुन्या आकड्यांवरून त्याचा माग काढावा लागतो आणि पद्धत बदलली की उत्तर बदलतं.

वर्मांचं म्हणणं होतं, की एक ते दीड टक्का वास्तव दरही महागाईला लक्ष्याकडे आणायला पुरेसा आहे. त्यापेक्षा जास्त ठेवून आपण विनाकारण विकास गमावतो. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अंदाज होता १.४ ते १.९ टक्के. म्हणजे एकाच्या हिशोबाने दर स्पष्टपणे जास्त, दुसऱ्याच्या हिशोबाने किंचित जास्त. लाखो कर्जदारांचा हप्ता आणि कारखान्यांचे विस्ताराचे बेत अर्ध्या टक्क्याच्या या तफावतीवर लटकलेले. असा आकडा एकाच माणसाने, एकाच पद्धतीने काढलेला असेल तर चूक पकडणार कोण? प्राध्यापकाची खुर्ची तिथे हवी ती यासाठी.

हेच वर्मा कायमचे स्वस्त कर्जाचे पुरस्कर्ते होते, असंही नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये समितीने ‘उदार भूमिका’, म्हणजे विकासाला हात देण्यासाठी दर खालीच ठेवण्याचा रोख, कायम ठेवली तेव्हा एकट्याने विरोध केला तो त्यांनीच. मे २०२२ मध्ये नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर बैठक घेऊन दर ४ वरून ४.४० टक्के केला गेला, तेव्हा त्यांनी लिहिलं की लवकरच एकूण एक टक्क्याहून जास्त वाढ करावी लागेल. एप्रिल २०२२ ची महागाई पुढे ७.७९ टक्के निघाली. तोच माणूस एकदा दर वाढवा म्हणतो आणि दोन वर्षांनी कमी करा म्हणतो. कोणी याला धरसोड म्हणेल. निवेदनं ओळीने वाचली तर दिसतं ते वेगळं: कसोटी तीच राहिली, आकडे बदलले म्हणून उत्तर बदललं.

मग बरोबर कोण निघालं?

ऑक्टोबर २०२४ ची महागाई ६.२१ टक्के आली. मोकळीकीच्या वरच्या टोकाच्याही पलीकडे. कपात मागणारे साफ चुकले, असं त्या महिन्यात म्हणता आलं असतं. नोव्हेंबरअखेर दुसरा आकडा आला: जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतली विकासाची गती ५.४ टक्के, अपेक्षेपेक्षा बरीच कमी. डिसेंबरच्या बैठकीत समिती पुन्हा चार विरुद्ध दोन अशी विभागली. राम सिंह आणि नागेश कुमार यांनी कपात मागितली. महागाई सहाच्या वर असताना असं मत नावानिशी लिहून देणं ही सोपी गोष्ट नव्हती.

फेब्रुवारी २०२५ पासून कपात सुरू झाली. जूनमध्ये तर एकदम अर्धा टक्का कमी झाला. त्या वेळी पाव टक्काच पुरे म्हणणारे एकटे होते भट्टाचार्य, तेही बाहेरचेच सदस्य. महागाई जुलै २०२५ मध्ये १.५५ आणि ऑक्टोबरमध्ये ०.२५ टक्क्यावर आली.

यावरून कपातवाले जिंकले असा निकाल देण्याचा मोह होतो, पण तो घाईचा ठरेल. व्याजदराचा पूर्ण परिणाम दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. नाशिककडचा शेतकरी आजचा भाव पाहून कांद्याची लागवड करतो आणि माल बाजारात येतो तेव्हा भाव भलताच असतो. समितीचंही तसंच आहे, निर्णय आजच्या आकड्यांवर घ्यायचा आणि तो लागू पडणार पुढच्या वर्षीच्या अर्थव्यवस्थेला. महागाई इतकी खाली आली त्यात चांगल्या पावसाचा आणि उतरलेल्या भाजीपाल्याचा वाटा मोठा होता. दर आधी कमी केला असता तर नेमकं काय झालं असतं, याचा प्रयोग करून पाहता येत नाही. म्हणून कुणाचं मत ‘खरं निघालं’ यापेक्षा त्या दिवशी उपलब्ध माहितीवर कुणाची कारणं पटण्यासारखी होती, हे तपासणं जास्त न्यायाचं. आणि ते तपासता येतं, कारण कारणं लिहिलेली आहेत.

‘पुस्तकी माणसांना टोमॅटोचा भाव काय कळणार?’

हा आक्षेप सर्रास ऐकू येतो आणि त्यात तथ्याचा अंश आहे. महागाई मोजली जाते ती ग्राहक किंमत निर्देशांकावरून, आणि २०१२ आधारवर्षाच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. टोमॅटो महागला की निर्देशांक उसळतो. जुलै २०२३ मध्ये महागाई अशीच ७.४४ टक्क्यांवर गेली होती. रेपो वाढवून टोमॅटोचं पीक वाढत नाही. मग दर का वाढवायचा?

म्हणूनच ऑगस्ट २०२३ मध्ये भाज्या कडाडलेल्या असूनही समितीने दर हलवला नाही. पीक आलं की भाव उतरतील, हा हिशोब होता आणि तो बरोबर निघाला. दुसऱ्या बाजूने, २०२४ च्या जुलैमधल्या आर्थिक पाहणीत सूचना आली की लक्ष्य ठरवताना खाद्यपदार्थ वगळावेत. ऐकायला हे तर्कशुद्ध वाटतं, मला ते पटत नाही. ज्या घरात निम्मी कमाई स्वयंपाकघरात जाते, त्या घराला ‘खाद्यपदार्थ सोडून महागाई चार टक्के’ हे वाक्य सांगून काय उपयोग? शिवाय अन्न बराच काळ महाग राहिलं की मजुरी वाढते, मग वाहतूक, शिवणकाम, शिकवणी सगळंच महागतं. लोकांची भाववाढीची अपेक्षा मुख्यतः बाजारातल्या पिशवीवरूनच तयार होते, आणि पुढची महागाई या अपेक्षेवर पोसली जाते. तात्पुरती भाववाढ कुठली आणि मुरत चाललेली कुठली, हे ओळखण्यासाठी आकड्यांचं जुनं वळण माहीत असावं लागतं. पुस्तकी अभ्यासाचा उपयोग इथे होतो.

अर्थात प्राध्यापक चुकत नाहीत असं नाही. २००८ च्या जागतिक संकटाआधी मध्यवर्ती बँकांत वापरली जाणारी बरीचशी गणिती प्रारूपं अशी होती की त्यांत बँका बुडण्याची शक्यताच धरलेली नव्हती. आणि संकट आलं तेव्हा अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या अध्यक्षपदी होते प्रिन्स्टनचे माजी प्राध्यापक बेन बर्नान्की. १९३० च्या महामंदीत बँका बुडाल्याने मंदी कशी खोलवर गेली, हा त्यांच्या संशोधनाचाच विषय होता. त्यासाठी २०२२ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. संकटाची पूर्ण चाहूल त्यांनाही लागली नव्हती. पण ते आल्यावर १९३० च्या चुका पुन्हा करायच्या नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

‘सरकारच नेमतं, मग स्वतंत्र कसले?’

सरकारला साधारणपणे कमी व्याजदर आवडतो. कर्ज स्वस्त, विकास जोरात, मतदार खूश. तेव्हा सरकारने नेमलेले सदस्य कपातीच्या बाजूला झुकतील ही शंका रास्त आहे, आणि बाहेरच्या सदस्यांची विरोधी मतं बरीचशी कपातीच्या बाजूची होती हेही खरं. पण फेब्रुवारी २०१९ पाहा. लोकसभा निवडणूक तोंडावर होती आणि दर ६.२५ टक्के केला गेला. विरोधात दोन मतं पडली. एक चेतन घाटेंचं, म्हणजे सरकारनेच नेमलेल्या प्राध्यापकाचं. दुसरं डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांचं. तेही न्यूयॉर्क विद्यापीठातून आलेले प्राध्यापक, आणि त्यांनी आपल्याच गव्हर्नरच्या विरोधात मत दिलं. एप्रिलमध्ये दोघांनी पुन्हा तेच केलं.

हे धाडस कुठून येतं? स्वभावातून काही अंशी, पण रचनेतून जास्त. प्राध्यापकाला परत जायला त्याचा वर्ग असतो. पुन्हा नेमणूक होणारच नाही म्हटल्यावर कुणाची मर्जी राखण्याचं कारण उरत नाही. आणि आपल्या क्षेत्रातले सहकारी पुढे हे निवेदन वाचून आपल्याला जाब विचारतील, ही जाणीव असतेच. आचार्य मुदत संपण्याआधीच, जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कला शिकवायला परतले. राजनही २०१६ मध्ये शिकागोला परतले होते. उलट दिशेनेही माणसं जातात: रिझर्व्ह बँकेत मुख्य अर्थतज्ज्ञ राहिलेले नरेंद्र जाधव पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पण पारदर्शकतेला एक मोठं भगदाड आहे. महागाई सलग तीन तिमाही सहा टक्क्यांच्या वर राहिली, तर ते अपयश मानून रिझर्व्ह बँकेने सरकारला कारणं, उपाय आणि लागणारा वेळ कळवणारा अहवाल द्यायचा असतो. २०२२ मध्ये ही वेळ आली. ३ नोव्हेंबरला समितीची त्यासाठी खास बैठक झाली, अहवाल सरकारला गेला, पण तो लोकांसाठी प्रसिद्ध केला गेला नाही. पाव टक्क्याच्या निर्णयाचं प्रत्येक सदस्याचं कारण आपल्याला वाचायला मिळतं आणि तीन तिमाहींच्या अपयशाचं कारण मिळत नाही, हे मला मान्य होत नाही. भाव वाढले ते आपल्या घरात, स्पष्टीकरण वाचण्याचा पहिला हक्क आपला.

एकाच दिवशी रिकाम्या होणाऱ्या तीन खुर्च्या

सध्याच्या रचनेत तिन्ही बाहेरचे सदस्य एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात. २०२० मध्ये जुन्या तिघांची मुदत संपली तरी नवे नेमले गेले नव्हते, म्हणून २९ सप्टेंबरला सुरू होणारी बैठक पुढे ढकलावी लागली. नवी नावं ५ ऑक्टोबरला आली आणि बैठक ७ तारखेला सुरू झाली. कोविडच्या त्या वर्षात अर्थव्यवस्था आक्रसलेली असताना देशाचा व्याजदर नेमणुकीच्या कागदासाठी थांबला होता. २०२४ मध्ये नावं १ ऑक्टोबरला जाहीर झाली, बैठक पुन्हा ७ लाच. विद्यापीठातून आलेल्या माणसाला पहिलं मत देण्याआधी मिळाले सहा दिवस.

बँक ऑफ इंग्लंडच्या नऊ जणांच्या समितीत चार बाहेरचे असतात. त्यांची मुदत तीन वर्षांची, पण ती सगळ्यांची एकत्र संपत नाही, त्यामुळे नव्या माणसाला शेजारी मुरलेला माणूस मिळतो. आपल्याकडे सध्याच्या तिघांची मुदत ऑक्टोबर २०२८ च्या सुमारास एकत्रच संपेल. त्या वेळी नेमायच्या तिघांपैकी एकाला फक्त एकदाच दोन वर्षांची आणि दुसऱ्याला तीन वर्षांची मुदत दिली, तर पुढे दर चार वर्षांनी सगळी खोली एकदम रिकामी होणार नाही. त्यासाठी रिझर्व्ह बँक कायद्यातल्या मुदतीच्या कलमात एका ओळीची दुरुस्ती लागेल आणि ती करायला संसदेकडे २०२८ पर्यंत वेळ आहे.